जनान्या कोठडीतली चन्नव्वा

"अक्का, तुम्ही पोलिसात होता म्हणे?" असं मला अजून कुणी ना कुणी विचारतं. लग्नकार्यात तर हमखास. पोलिसात पुरुष होते, मी झडतीवाली होते. पकडून आणलेल्या बाईच्या अंगाला बाईनंच हात लावायचा, हा नियम निजामाच्या राज्यात होता आणि ते राज्य गेल्यावरही राहिला. म्हणून बिदरकडच्या आमच्या तालुक्याच्या ठाण्यात मला ठेवलेलं होतं. खाकी नाही, पट्टा नाही, हातात काठीसुद्धा नाही. लुगड्याचा पदर खोचला की मी ड्यूटीवर आणि सोडला की घरी.

कामं दोन. बाईची झडती घ्यायची आणि ती जनान्या कोठडीत असेतो तिला सांभाळायचं. जनानी कोठडी म्हणजे ठाण्यामागच्या घोड्यांच्या जुन्या पागेतली एक खोली. घोडे जाऊन जमाना झाला होता, वास मात्र गेला नव्हता.

झडतीत दांडगाईचं काही काम नाही. नवखी माणसं आधी अंबाडा सोडायला लावतात, ओटी झाडायला लावतात, आणि बाई बिथरते. मी आधी पाणी द्यायची. तांब्या मोठा, काठोकाठ भरलेला, दोन्ही हात लावल्याशिवाय उचलणार नाही असा. उन्हातून आलेली बाई दोन्ही हातांनी तो तोंडाला लावते आणि काखेत, कोपराखाली जे काही दाबून धरलेलं असतं ते खाली पडतं. मग मी म्हणायची, "काय सांडलं बघ गं, उचल." निम्म्या झडत्या अशा तांब्यावरच उरकल्या.

सगळ्याच काही तांब्याला भुलल्या नाहीत. जत्रेत खिसे कापताना धरलेली एक म्हातारी आली होती. तिचा कण न् कण तपासला, केसांतून फणी फिरवली, काही म्हणून मिळालं नाही. सोडून दिली. दारापर्यंत गेली, मागं फिरली आणि कोठडीची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "बाई, कमरंला लई सैल खोचतीस. कुनी तरी काढून घील." त्या दिवसापासून किल्ली मी गळ्यात घातली. दुसरी एक शिंदी विकणारी. तिनं झोळीत बाटल्या निजवून त्यावर बाळ निजवलं होतं. बाळ गाढ झोपलेलं, म्हणून मी झोळीला हात लावला नाही. जवानानं झोळी उचलली तर बाळापेक्षा बाळाचं अंथरूण जड. बाळाला मीच मांडीवर घेऊन बसले आणि त्यानं माझं लुगडं भिजवून हिशेब पुरा केला.

अशा कितीतरी आल्या आणि गेल्या. बऱ्याच जणींची नावं आता आठवत नाहीत याचं वाईट वाटतं. एकीचं मात्र विसरणं शक्य नाही.

पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. जुने अधिकारी गेले होते, नवे बाहेरून येत होते. आमच्याकडं अमीन म्हणून, म्हणजे हल्ली ज्याला फौजदार म्हणतात त्या जागेवर, मद्रासकडचे नायडूसाहेब आले. पाटीवर नुसतं 'पी. नायडू'. मराठी येत नव्हतं, कानडी येत नव्हतं, आणि त्यांची हिंदुस्तानी ऐकून आमचे जवान तोंड फिरवून हसायचे. माझं माहेर औरादच्या अंगाचं, तेलुगू लहानपणापासून तोंडात, म्हणून ते माझ्याशी तेलुगूत बोलायचे. माणूस सरळ होता. पण इथलं आपल्याला काही माहीत नाही, हे कबूल करायला त्यांना फार जड जायचं.

एका दुपारी जवानांनी चन्नव्वाला आणलं. संतपूरच्या बाजूच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची, तिशीच्या आतली बाई. कपाळाला विभूती, अंगावर धडसं लुगडं. मागं अर्धं गाव लोटलेलं. आरोप ऐकून मी हातातला तांब्या खाली ठेवला. हिनं आपल्या दोन्ही लेकरांचा जीव घेतला, असा तो आरोप होता. जुळी होती, मुलगा आणि मुलगी, नुकती घरभर पळायला लागलेली.

फिर्याद दिली होती तिच्या थोरल्या जावेनं, गौराबाईनं. दोघींच्या चुली वेगळ्या, मधली भिंत एकच. गौराबाईचं म्हणणं असं की, आदल्या संध्याकाळी लेकरांनी तिच्या हातचा दूध-भाकरीचा काला खाल्ला, चांगली ठणठणीत होती. सकाळी पाहते तो चन्नी बांधावरच्या लिंबाखाली खड्डा बुजवून रडत बसलेली. विचारलं तर म्हणे, "मेली." कशानं मेली ते सांगेना, रात्रीतून कुणाला हाक का मारली नाही तेही सांगेना. पोलिसांनी खड्डा उकरला तोवर मध्ये दोन जोराचे पाऊस होऊन गेले होते. आत दोन कुंच्या, काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि फडक्याच्या चिंध्या निघाल्या. लेकरं निघाली नाहीत. कोल्ह्यांनी ओढून नेली असणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

साहेब तेलुगूत विचारायचे, मी तिला मराठीत विचारायची.

"लेकरं कुठं हाईत?"

"मेली."

"कशानं?"

"मेली म्हंजे मेली, अक्का. आनि काय सांगू?"

तिचा नवरा मलप्पा ठाण्यासमोरच्या चिंचेखाली बिडी ओढत बसलेला. त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "तिला इचारा." तिला विचारलं की पुन्हा मेली. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. ते वैतागले की असं करायचे. मग मला म्हणाले, "हिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी हिला जिल्ह्याच्या कोर्टात पाठवतो. तिथं फाशीच होईल." हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं मान खाली घातली आणि पदर नीट केला.

पहिल्या दिवशी मी ताट पुढं सरकवलं आणि पाठ फिरवली. माझं एकुलतं एक लेकरू देवीत गेलेलं. हिला देवानं दोन दिली आणि हिनं असं केलं, म्हणून मला तिचा इतरांपेक्षा जास्त राग. पण कोठडीतल्या बाईकडं लक्ष ठेवणं हेच माझं काम, त्यामुळं बघणं भाग होतं. आणि जे बघितलं ते मला काही पटेना. बाई पोटभर जेवायची. सकाळी उठून शेण मागून घ्यायची आणि पागेची जमीन सारवायची. एका चोरीवाल्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत गाणं गुणगुणायची. एकदा आभाळ भरून आलं, गार वारं सुटलं, तर गजाला धरून म्हणाली, "तिकडं बी सुटलं असंल. कानाला फडकं गुंडाळलं का न्हाई कुनास ठावं." आणि लगेच जीभ चावली.

बाजाराच्या आदल्या दिवशी शिध्याबरोबर गुळाचा खडा मिळायचा. तिनं तो पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

"कामून गं, गूळ आवडंना व्हय?"

"ऱ्हाऊ दे."

"कुनासाठी ऱ्हाऊ दे?"

"कुनासाठी न्हाई."

लेकरू गेलेल्या आईला मी ओळखते, कारण ती मीच आहे. ती गूळ राखून ठेवत नाही. लेकरं जिवंत आहेत, हे मला तिथंच कळलं. आणि इतका वेळ न कळल्याबद्दल मी कपाळावर हात मारून घेतला, कारण माझ्या सख्ख्या आत्याचं नाव कोंडाबाई होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं नवं लेकरू जन्मलं की ते आपलं म्हणायचं नाही. जिची सगळी लेकरं जगलीत अशा एखाद्या लेकुरवाळीला ते सुपात घालून द्यायचं आणि तिच्याकडून ओंजळभर कोंडा घ्यायचा. झाला सौदा. लेकरू न्यायला सटवाई आली तरी ह्या बाईपाशी काही नाही असं बघून निघून जाते. लेकरू पाच वर्षांचं झालं की तेवढाच कोंडा परत देऊन सोडवून आणायचं. बहुतेक घरी हा नुसता खेळ असतो. सकाळी विकलेलं लेकरू दुपारी आईच्याच मांडीवर. पण कुणी कुणी तो नेम कडक धरतात. मग लेकरू खरंच दुसरीच्या घरी वाढतं आणि आईच्या तोंडून 'माझं' हा शब्द कुणापुढंच निघत नाही. निघाला तर लेकरू जगत नाही.

मी निवडायच्या तूरडाळीचं सूप घेऊन कोठडीत गेले आणि तिच्यासमोर बसले. अर्धी डाळ तिच्याकडं सरकवली.

"चन्नव्वा, ह्या दोघांच्या आदी किती गेली?"

तिनं डाळ निवडता निवडता तीन बोटं दाखवली.

"बरं. आता तू काहीच बोलू नको. मी बोलते, तू खडं काढ." मी तिच्या माहेरच्या मैत्रिणींबद्दल मलप्पाकडून आधीच काढून घेतलं होतं. तेवढं सांगायला त्याची ना नव्हती. एकेकीच्या सासरच्या गावाचं नाव मी सहज घेतल्यासारखं घेत गेले. भालकी म्हणाले, हात चालू. हुमनाबाद म्हणाले, हात चालू. हळ्ळीखेड म्हणाले आणि तिची बोटं डाळीतच राहिली.

मग ती रडली. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा रडली. "अक्का, तुझ्या पाया पडते, माझ्या तोंडून कायबी वदवू नको," एवढंच म्हणाली.

मी साहेबांकडं गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "मग तिनं सांगावं, माझी आहेत, जिवंत आहेत, आणि घरी जावं. एका वाक्याचं काम आहे."

"तेच वाक्य ती बोलायची नाही, साहेब."

"फासावर गेली तरी?"

"गेली तरी. ती बोलली तर लेकरं जातील, असं तिला वाटतं."

त्यांनी बाजाराच्या दिवसाचा हुकूम बाजूला ठेवला आणि एक जवान देऊन मला मोटारीनं हळ्ळीखेडला पाठवलं.

मैत्रिणीचं नाव पारूबाई. नवऱ्याचं तुरीचं दुकान, आणि घर म्हणजे पोरांचा बाजार. तिची स्वतःची सहा. जवान दारात उभा राहून पोरं मोजायला लागला, पण ती कधी माळ्यावर तर कधी बैलाखाली. दर वेळी आकडा वेगळा. शेवटी तो मला म्हणाला, "अक्का, हितं दोन जास्तीची असली तर आईला तरी कळंल का?"

पारूबाईला कळत होतं. "समदी माझीच हाईत," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. दोन लहानगी तिच्या पायामागं एकसारखी तोंडं करून उभी होती.

मी तिला चन्नव्वा कुठं आहे ते सांगितलं. तिचे कमरेवरचे हात खाली आले. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग हळूहळू सांगायला लागली. कोंड्यावर लेकरं घेऊन ती मध्यरात्रीच्या आत निघून आली होती. पण चन्नव्वाची तीन गेलेली, तीही अशीच पळायला लागल्यावर, म्हणून तिला नुसत्या कोंड्याचा भरवसा वाटेना. म्हणून तिनं ज्वारीच्या पिठाच्या दोन बाहुल्या केल्या, त्यांना लेकरांच्या कुंच्या घातल्या, आणि पहाटे लिंबाखाली नेऊन पुरल्या. वर मोठ्यानं रडली.

"पुरायचं कामून पन?" जवानानं विचारलं.

"मंग? सटवाईला खरं वाटाया नगं?"

सटवाईला वाटलं की नाही कुणास ठाऊक. पोलिसांना वाटलं. पीठ पावसात विरघळून गेलं आणि कुंच्या तेवढ्या राहिल्या.

पारूबाई लेकरं घेऊन ठाण्यात आली. येताना वाटभर मला बजावत होती, "मी माझीच म्हननार बगा, अक्का. कोंडा दिलाय मी." साहेबांनी चन्नव्वाला कोठडीतून बाहेर आणवलं. लेकरं समोर उभी होती. मुलीचं नाक वाहत होतं, मुलगा साहेबांच्या टेबलाचा पाय चाटत होता.

"ही तुझी लेकरं का?" साहेबांनी विचारलं, मी विचारलं.

चन्नव्वानं त्यांच्याकडं बघितलं. एवढं बघितलं की मला माझी नजर वळवावी लागली. मग ती म्हणाली, "न्हाईत, साहेब. गोड हाईत. त्या बाईची असतील." आणि पारूबाईकडं वळून म्हणाली, "लेकराचं नाक पुसा की वो बाई."

साहेब उठून उभे राहिले. आवाज चढला. लेकरं हिची नाहीत तर हिची कुठं आहेत, आणि ही जर हिचीच असतील तर ही खोटं का बोलते, त्यांना कागदावर काहीतरी लिहावं लागणार. मी म्हणाले, "साहेब, तिच्या तोंडून नका वदवू." त्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं, संपलं आता. पण ते खाली बसले आणि माझ्याशी हळू तेलुगूत बोलायला लागले.

"माझ्याआधी चार गेली होती," ते म्हणाले. "मी जन्मलो तेव्हा मला उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचलून घरी नेलं. माझी आई मला सात वर्षं 'शेजारणीचा पोरगा' म्हणायची. पेंटा म्हणजे उकिरडा हे तुला माहीत आहेच. पी. म्हणजे पेंटय्या. पोलिसात कुणाला सांगू हे नाव?"

मी हसले नाही, फक्त पदर तोंडाला लावला. त्यांनी टोपी घातली आणि विचारलं, "हिच्याकडून नको. लेकरांना ओळखणारं दुसरं कोण आहे?"

"ज्यांनी फिर्याद दिली त्या."

गौराबाई बाहेर चिंचेखालीच होती. रोज यायची. चन्नीला शिक्षा झाल्याशिवाय अन्न गोड लागणार नाही म्हणायची. ती आत आली, लेकरं दिसली, आणि साहेब, जवान, कायदा सगळं विसरून तिनं दोघांना उचलून छातीशी धरलं. "माजी बबडी! माजा सोन्या! चन्नीची लेकरं की वो ही! ह्या गालावरचा तीळ बगा, मीच न्हाऊ घातलंय ह्यांना." ती ढसाढसा रडत होती. त्या क्षणापर्यंत मी तिला दुष्ट समजत होते. तिला त्या लेकरांचं दुःखच झालं होतं, तेवढंच.

साहेबांनी माझ्या तोंडून अगदी शांतपणे विचारायला घेतलं.

"ह्याच दोन लेकरांचा खून झाला अशी तुमची फिर्याद आहे?"

"व्हय, साहेब."

"हीच दोघं? नक्की?"

"नक्की. माज्या हातात खेळल्यात."

"सध्या कुठं आहेत ती?"

गौराबाईनं आपल्या दोन्ही खांद्यांवरच्या लेकरांकडं आळीपाळीनं बघितलं. मुलीनं तिच्या नाकातली नथ धरली होती. जवान भिंतीकडं तोंड करून हसायला लागला, मग पारूबाई, मग मी. गौराबाईनं कसंबसं "हितंच की" म्हटलं आणि साहेबांनी ते लिहून घेतलं.

चन्नव्वा मात्र घाबरली होती. 'चन्नीची लेकरं' हे सगळ्या ठाण्यात ऐकू गेलं होतं. पारूबाईनं तिचा दंड धरला. "आईच्या तोंडून तर न्हाई ना गेलं? जावंचं कोन ऐकतंय?" चन्नव्वाला ते पटलं. गौराबाईला पटलं नाही, पण तिची नथ अजून मुलीच्या मुठीत होती.

सुटल्यावर चन्नव्वानं पदरातला गूळ सोडला. ठाण्याच्या आवारात जेवढी पोरं होती, जवानांची, झाडूवाल्याची, बाजाराला आलेल्यांची, तेवढ्या सगळ्यांच्या हातावर तिनं एकेक कण ठेवला. त्यात त्या दोघांच्याही हातावर ठेवला, इतरांइतकाच. मग पारूबाई लेकरं घेऊन हळ्ळीखेडच्या मोटारीत बसली आणि चन्नव्वा नवऱ्याच्या आणि जावेच्या मागं गावाकडं चालू लागली. तिनं मागं वळून बघितलं नाही. खुनाच्या आरोपातून सुटलेली बाई इतकी जड पावलांनी जाताना मी दुसरी पाहिली नाही. मला वाटलं, सोडवून आपण हिला काय दिलं? लेकरं तर तशीच लांब राहिली.

वर्षं गेली. साहेबांची बदली झाली. एके दिवशी मलप्पा ठाण्यात आला आणि बिडी विझवून म्हणाला, "अक्का, तिनं बलावलंय. कोंडा परत द्यायचा हाय." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब बोलणं.

मी गेले. पारूबाई आपल्या सहासकट आली होती. सुपात कोंडा घालून चन्नव्वानं तिच्या ओटीत ओतला, पारूबाईनं दोन्ही लेकरांना पुढं केलं. ती बुजली, पारूबाईचा पदर धरून रडली. तेव्हा सगळ्याच बायका रडल्या, गौराबाई सगळ्यात मोठ्यानं. मग पुरणपोळ्या झाल्या, दुपार झाली, पाहुणे पांगले. जुळी गूळ-शेंगदाणे घेऊन ओट्यावर बसली.

मी निघायला बाहेर आले तर चन्नव्वा दारात उभी राहून मोठमोठ्यानं हाका मारत होती. "बसू! माज्या बसू! ये गंगी! माजी गंगी कुटं गेली गं?" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. लेकरं तिच्या पायाशीच बसलेली.

मुलीनं मान वर करून विचारलं, "कामून वरडायलीस? हितंच हाव की आमी."

"ठाव हाय," चन्नव्वा म्हणाली आणि पुन्हा हाक मारली.